साहेब पट पाहायला येणार

आमच्या घरी ही गोष्ट हसण्याची म्हणून चालते. पाहुणे आले की पोरं म्हणतात, "बाबा, ती बैलांची सांगा," आणि मी सांगतो. स्वतःची फजिती सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही. माल घरचाच आहे.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली होती. उमरखेडच्या कारकुनाच्या घरातला मी, मॅट्रिकच्या जोरावर एका बंजारा तांड्यावर मास्तर झालो. शाळा म्हणजे कुडाची एक खोली, पहिली-दुसरीचे वर्ग आणि मी. नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात चार मास्तर, बाकं, भिंतीवर घड्याळसुद्धा. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, दोन वर्षं अर्ज घेऊन तालुक्याला खेटे घालत होते. मागणी एवढीच: तिसरीचा वर्ग आणि एक जास्तीचा मास्तर. घाई होती ती नातीपायी. पोरगी दुसरी संपवत आली होती, आणि पावसाळ्यात नाला ओलांडून तिला रोज कोण पाठवणार?

"गावाले चार मास्तर," नायक म्हणायचे, "आन् आमाले एक. तेबी तुमी."

"लिहू का असंच?"

"लिवा. आन् हेबी लिवा का सरकारले आमचा शेतसारा चालते, मंग पोरं काहून नाही चालत?"

मी लिहायचो, "सदर बाबीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा." अर्जातलं एकच खरं वाक्य मी दर वेळी गाळलं.

शेवटी कचेरीतून कळलं की सोमवारी साहेब तपासणीला येणार. चाळीस पोरं हजर दिसली तर तिसरी मंजूर. मी तेव्हा उमरखेडला घरी होतो. तांड्यावरचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याच्याजवळ नायकांना चिठ्ठी दिली: "सोमवारी सकाळी साहेब पट पाहायला येणार आहेत. सर्वांनी तयारीत राहावे." पट म्हणजे हजेरीपटावरची पोरं. आमच्या भागात पट म्हणजे बैलांची शर्यत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शुद्ध लिहायला बसलो की माझं डोकं गाव सोडून जातं.

तांड्यात चिठ्ठी वाचणारी एकच, नायकांची नात. तिने ती खणखणीत वाचली.

सोमवारी मी कोट घालून शाळेच्या दारात उभा. आत पोरं सात, तीही लांब चालू न शकणारी. दूर कुठेतरी डफडं वाजत होतं. साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी सात मोजली. मी माळाकडे धावलो, तर अख्खा तांडा तिथे. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, साहेबांसाठी बाज टाकून वर गोधडी अंथरलेली.

"या मास्तर," नायक म्हणाले. "साहेब कुठं हायेत? जोड्या कवाच्या उभ्या हायेत."

पोरं हाकत परत आलो तोवर जीप सुरू झाली होती. साहेब वाईट नव्हते. धापा टाकणाऱ्या पोरांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. "मास्तर, शाळेत बसलेली असतील तेवढीच मला लिहिता येतात. पुढल्या साली पाहू."

घरी मी इथे थांबतो. सगळे हसतात, बायको चहा ठेवते.

नायकांनी तांड्याला सांगितलं, समजण्यात आपलीच चूक झाली. मला एकट्याला म्हणाले, "आता दुसरा अर्ज लिवा. पन आमच्या बोलीत लिवा."

उन्हाळ्यानंतर शाळा उघडली. तिसरी नव्हती. नात आली आणि दुसरीच्याच रांगेत बसली, तेच पुस्तक घेऊन. चार दिवसांनी शाळा सुटल्यावर दाराशी थांबली.

"मास्तर, चिठ्ठी म्या चुकीची वाचली काय?"

"नाही गं. बरोबर वाचलीस."

"मंग तिसरी काहून नाही आली?"

मी तिला सांगितलं की चूक लिहिणाऱ्याची होती, माझी. तिने मान हलवली, पण मास्तर चुकतात हे काही तिला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचनाची पाळी तिच्यावर आली. धडा तिला तोंडपाठ होता. तरी ती शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचत होती, आणि दर ओळ संपली की थांबून माझ्याकडे पाहत होती, बरोबर आहे का म्हणून.