तिम्मी पिंजऱ्यात गेली तेव्हा

भवानी पेठेतल्या चनमल्लप्पांना लेकीकडे कॅनडाला जायची भीती नव्हती. भीती होती ती सोबत न्यायच्या तिम्मीसाठी. बायको गेल्यापासून ही गावठी कुत्री त्यांच्या पायाशी झोपायची. विमानात मात्र तिला पिंजऱ्यात बंद होऊन, सामानाच्या कप्प्यातून एकटीने जायचे होते. झोपेचे औषध अजिबात द्यायचे नाही, असे जनावरांच्या डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे त्या घरघराटात ती टक्क जागी राहणार.

सवय व्हावी म्हणून पिंजरा आधीच आणला होता, पण तिम्मी त्याच्या जवळही फिरकेना.

"अप्पा, तिला कन्नडच कळतंय," शेजारचा मल्लेश हसत म्हणाला. "वाटेत भेदरली तर तिला 'बा' म्हणून बोलवणारं कोण हाय तितं?"

चनमल्लप्पांनी बायकोची जुनी चादर पिंजऱ्यात अंथरली आणि तिला हळूच कन्नडमधून 'ये' म्हटले, "बा तिम्मी, बा."

तिम्मी आत गेली, गिरकी घेऊन चादरीवर बसली. त्यांनी दार लावले. आता ती दार ओरबाडेल म्हणून ते कडीवर हात ठेवून थांबले. ती जाळीतून त्यांच्याकडे बघत शेपटी हलवत राहिली.

"ती कुटं घाबरलीय? तुमीच घाबरलाय की," मल्लेश म्हणाला.

चनमल्लप्पांना वाटले, ती घाबरली असती, तर जाणे रद्द तरी करता आले असते. आता तिने विश्वास टाकला होता. कडीवरचा हात त्यांना काढवेना, आणि तिम्मी जाळीतून तो चाटत होती.