व्हेल्माच्या नकाशावरचं लाल राज्य

आमच्या वायनरीत व्हेल्मा ट्रेव्हास्किस एकोणीस वर्षं खोकी बांधते. कॅलिफोर्नियातून वाईन थेट कुणाच्या दारात पाठवायची, तर प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, कर वेगळा, वर्षाला किती बाटल्या तेही वेगळं. हे सगळं तिला तोंडपाठ. तिच्या टेबलामागे नकाशा आहे. जिथे पाठवता येतं ते राज्य हिरवं, जिथे नाही ते लाल. युटा लाल. तिथल्या गिऱ्हाइकानं फोनवर कितीही गोड बोलावं, बाई ढिम्म हलत नाही. मला तिच्या या हट्टाचा कितीदा तरी राग आलाय.

मागच्या ऑक्टोबरात तिच्या थोरल्या भावाचा, ऑरिनचा, फोन आला. तो युटातल्या ओग्डेनला राहायचा. फुप्फुसं निकामी झालेली, नाकाला कायम ऑक्सिजनची नळी. त्यानं एकच मागितलं: वडिलांच्या मळ्यातल्या शेवटच्या द्राक्षांची एक बाटली. पुढे तो मळा उपटला गेला. त्या शेवटच्या द्राक्षांच्या चार बाटल्या आमच्या तळघरात उरल्या होत्या.

आमचा मालक लिओ लगेच म्हणाला, "अगं, घे की एक! खोक्यावर ऑलिव्ह तेल लिही आणि दे पाठवून. कोण उघडून बघतंय?"

"मी बघतेय ना," व्हेल्मा म्हणाली. "परवाना गेला तर इथल्या चौदा जणांना काय तेल पाजणार आहेस?"

"भाऊ मरायला टेकलाय आणि तुला परवान्याचं पडलंय!" मी तोंडावर बोलले. ती टेप ओढत राहिली.

बाटली स्वतःच्या गाडीतून नेली तर चालेल का, हे तिनं दोन ठिकाणी फोन करून विचारलं. एकानं हो सांगितलं, दुसऱ्यानं नाही. व्हेल्माच्या लेखी याचा अर्थ 'नाही' असाच.

तरी शुक्रवारी तिनं रजा टाकली. बाटली रीतसर विकत घेतली, स्वेटरमध्ये गुंडाळली आणि दहा तास गाडी हाकली. नेवाडा संपून युटा लागतं तिथल्या पेट्रोल पंपावर ती अर्धा तास नुसती बसून होती, असं तिनंच मला नंतर सांगितलं. मग गेली पलीकडे.

ऑरिन पलंगावर उठून बसला. बाटली उघडण्याआधी व्हेल्मानं पर्समधून आमचा पोच घ्यायचा कागद काढला.

"आधी ओळखपत्र दाखव. एकवीस पूर्ण आहेत ना?"

"अगं ए बावळट, चौऱ्याहत्तर चालूय मला!"

"वाईन हातात देताना वय बघायचं आणि सही घ्यायची. एक नियम मोडला म्हणून सगळेच मोडू का?"

तो इतका हसला की नळी निसटली. ती नीट लावून तिनं त्याचं पाकीट आणून दिलं. त्यानं लायसन्स दाखवलं, सही केली, दोन घोट घेतले. "आपला म्हातारा द्राक्षं नेहमी उशिराच तोडायचा," म्हणाला आणि रडला.

नोव्हेंबरात तो गेला. मी बोलले त्याची मला लाज वाटली, तसं तिला सांगितलंही. "बरं, ती कात्री दे," एवढंच म्हणाली.

पोचेचे कागद व्हेल्मा तारखेनुसार फायलीत लावते, एकही इकडचा तिकडे होत नाही. ऑरिनच्या वाकड्यातिकड्या सहीचा कागद मात्र तिनं फायलीत लावलेला नाही. तो नकाशावर आहे, युटावर टाचणीनं टोचलेला.