न वाकणारा दांडा

हसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हसाल तुम्ही, माहीत आहे मला. अख्खं गाव वर्षभर हसतंय, त्यात तुमची काय ती भर! चहा घ्या आणि ऐका.

मी कर्जतकडच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो. विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. म्हणजे कुठला बीम किती भार घेईल, किती वाकेल, कधी मोडेल. वीसेक वर्षं फळ्यावर बीम काढतोय. पण खरं सांगू? खरा बीम मी आयुष्यात एकदाही केला नव्हता! मागच्या बाकांवरची पोरं मोबाइल बघतात, पुढची पेंगतात, आणि मी खडूनं पूल बांधतो.

आमचं गाव कळंबच्या अलीकडे. थोरला भाऊ, दादा, तिथं भातशेती करतो. चैत्रात देवीची पालखी निघते, दारोदार जाते, आणि पुढचा खांदा हा आमच्या घराचा मान. वडिलांनंतर तो दादाकडे आला. दादा पालखी नाचवायला लागला की माणसं जेवण टाकून बाहेर येत. मला मात्र गाव ‘खडूवाला’ म्हणतं. नाव दादानंच पाडलेलं.

गेल्या वर्षी पालखीचा सागवानी दांडा भुंग्यानं पोखरलेला निघाला. देवळात बैठक बसली. सरपंच म्हणाले, “नवा सागाचा आनू. हाय काय नि नाय काय!”

आणि मी उठलो! कशाला उठलो? कोणी बोलावलं होतं?

“लाकूड कशाला? मी डिझाइन करतो. लोखंडी. पुन्हा बदलायची गरजच नाही.”

दादानं माझ्याकडं बघितलं. “तुला जमंल का रं?”

माझ्या शिक्षणाबद्दल दादानं विचारलेला हा पहिला प्रश्न. आता सांगा, असा माणूस माघार घेईल?

आणि गणित तरी कसलं? पालखीचा दांडा म्हणजे पुस्तकातलं पहिलंच उदाहरण हो! दोन टोकांना आधार, मधोमध वजन. रविवारभर बसून सोडवलं. पुस्तक सांगतं, ताकद गरजेच्या काही पट जास्त ठेवा. मी म्हटलं, देवीचं काम आहे, दहापट! आणि असल्या उदाहरणांच्या शेवटी एक ओळ असतेच असते, ‘बीमचं स्वतःचं वजन हिशोबात धरू नये.’ इतकी वर्षं मीच ती पोरांना लिहून देतोय.

धरलं नाही!

खालापूरच्या फॅब्रिकेशनवाल्यानं मी सांगितलेला पाइप काढला आणि डोकं खाजवलं. “सर, हा आम्ही पाण्याच्या टाकीखाली लावतो.”

“मग? आमची देवी टाकीपेक्षा कमी आहे का?”

बिचारा कापायला लागला.

टेंपो गावात आला तेव्हा दांडा उतरवायला चार माणसं लागली. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? छे! मी उलट सरपंचांना म्हटलं, “मजबुती बघा!” दोन कट्ट्यांवर दोन टोकं टेकवली आणि मध्ये पाच-सहा तरुणांना लोंबकळायला लावलं.

“लवला का? सांगा, लवला का कुठं?”

“नाय लवला, सर!”

टाळ्या! नारळ! शाल! दादा जवळ आला, पाठीत एक धपका घातला आणि म्हणाला, “खडूवाल्या, केलंस रं कायतरी.” त्या धपक्यासाठी मी पन्नाशीपर्यंत थांबलो होतो. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू.

जत्रेच्या सकाळी ढोल वाजले, पालखी उचलली. मला दादाचा चेहरा दिसला. दात आवळले होते त्यानं. पण बोलणार कसा? भावानं केलेला दांडा! पहिल्या दारात आरती झाली आणि पोरं ओरडली, “नाचवा दादा, नाचवा!”

आता ऐका. सागाचा दांडा नाचताना लवतो. पालखी खाली आली की आधी तो वाकतो, धक्का थोडा स्वतः खातो आणि उरलेला खांद्याला देतो. माझा दांडा कसला खातोय! न वाकण्यासाठीच केला होता त्याला. दादानं उसळी घेतली, पालखी वर गेली, खाली आली, आणि होतं नव्हतं ते सगळं थेट त्याच्या खांद्यावर.

कट्! मी ऐकलं. अजून ऐकू येतं.

पुस्तकात आधार म्हणून एक छोटा त्रिकोण काढतात. मी हजारो काढलेत. त्रिकोण ओरडत नाही हो. दादा ओरडला.

बाकीच्यांनी पालखी कशीबशी सावरली. पण पुढं खांदा द्यायला कोणी येईना. शेवटी दांडा घेऊन आलेला टेंपोच बोलावला. देवी टेंपोतून दारोदार फिरली! बायका आरतीचं ताट घेऊन टेंपोच्या मागच्या फाळक्याशी उभ्या. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी मला विचारलं, “आई आमच्या दारात उतरनार नाय का रं?”

दादाला कर्जतला दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, “ह्या खांद्यावर आता वजन घ्यायचं नाही.”

“आनी पालखी?” दादानं विचारलं.

“पालखी विसरा.”

बाहेर बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. दादाचा हात गळ्यात बांधलेला, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची, ते राब तसेच राहिलेले. मला त्याच्याकडं बघवेना. शिव्या दे, थोबाडीत मार, काहीतरी कर, असं झालं होतं. त्यानं गळ्यातला हात सावरला आणि म्हणाला,

“एक इचारू का रं?”

“विचार.”

“कालेजात पोरांना हेच शिकवतोस?”

“हो, दादा.”

“मग ती पोरं आता पूल बांदत असतील. धरनं बांदत असतील.”

आवाजात राग नव्हता, काळजी होती. तेच जास्त लागलं. आणि त्या दिवशी, तोवर घरात कोणाला न सांगितलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

“नाही रे दादा. कुठल्या नोकऱ्या आणि कुठलं काय! कोणी टोलनाक्यावर उभा असतो, कोणी रिसॉर्टवर गाड्या लावतो, कोणी जेवण पोचवतो. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पोरानं साधी मोरी बांधलेली नाही.”

दादानं धड हात कपाळाला लावला आणि डोळे मिटले.

“आईची किरपा!”