जाड पत्र्याचा बाजा

१९७४ साल. मी छत्तीस वर्षांचा होतो आणि इतवारीत एका पेटीवाल्याकडे सूर बसवायचं काम करत होतो. पेटी म्हणजे भजनाची, एका हातानं भाता मारायचा आणि दुसऱ्यानं वाजवायची, ती. तिच्या पोटात पितळेचे छोटे पत्रे असतात. प्रत्येक पत्र्याला एक खाच, आणि खाचेवर पितळेचीच पातळ जीभ. भात्याची हवा लागली की जीभ थरथरते, तोच सूर. ती जीभ हळूहळू घासून सूर जागेवर आणायचा, हे माझं काम. शाळा चौथीत सुटली. पण डोळे मिटून सांगायचो की दुकानातली कोणती पेटी उतरली आहे. माझ्याएवढा कान नागपुरात दुसऱ्या कोणाला नव्हता. तेव्हा हे बोलून दाखवायचो, आता लिहून ठेवतो.

पेटीच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पत्रा जाड असला तर आवाज भरदार. पातळ पत्र्याची पेटी घरात बरी वाजते आणि सप्ताहाच्या मांडवात मरते. म्हणून चांगल्या पेटीसाठी आम्ही भंडाऱ्याहून जाड पितळ आणायचो. ही गोष्ट मी चौदा वर्षं पाहिली होती, म्हणून ती सगळीकडेच खरी असं धरून चाललो.

माझा साळा, बायकोचा पाठचा भाऊ, कुहीला धानाच्या गिरणीत होता. आई लवकर गेली, तर बायकोनंच त्याला वाढवलेलं. दिवसभर कोंड्यात उभं राहायचं काम. सत्ताविसाव्या वर्षी आमच्या घरच्या नऊ पायऱ्या चढताना तो मधे एकदा थांबायचा. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून बायकोला सांगितलं, याला त्या कोंड्यातून बाहेर काढा, नाहीतर पुढं माझ्याकडे आणून काही उपयोग नाही. डॉक्टरचं काय जाते बोलायला. गिरणी सोडून त्याला एकच काम येत होतं. तो बाजा वाजवायचा. तोंडाचा, माउथ ऑर्गन म्हणतात तो.

बाजा दहा भोकांचा, परदेशी, सीताबर्डीच्या फुटपाथवर जुना मिळालेला. विकणारा म्हणाला होता की अमेरिकेतले काळे लोक त्यांची दुःखाची गाणी, ब्लूज म्हणतात ती, याच्यावरच वाजवतात. आम्हाला काय कळते त्यातलं. पण साळा हवा आत ओढून सूर असा वाकवायचा की मी हातातली कानस खाली ठेवायचो. पेटीवर मींड निघत नाही. एवढी वर्षं सूर जुळवले, पण त्यातला एक सूर दुसऱ्यात वाहत गेलेला मी पेटीत कधी ऐकला नाही. याच्या त्या टीचभर बाज्यातून तो जायचा.

त्या वर्षी महालातल्या एका ऑर्केस्ट्राला माउथ ऑर्गनवाला पाहिजे होता. गणपतीच्या आधी निवड होती. त्यात लागला की गिरणी सुटणार, आमच्याकडे राहणार. बायकोनं मधल्या खोलीत त्याची खाट टाकून ठेवली, आणि तो महिनाभर सुटी टाकून आलासुद्धा.

मी बाजा उघडला. वरखाली टिनाची झाकणं, मधे लाकडाची फणी, फणीच्या दोन्ही अंगांना पितळेचे दोन पत्रे, एकेकावर दहा जिभा. पत्रे बघून मला हसू आलं.

"हा पत्रा होय का पापड? हॉलमधी मागच्या लायनीले ऐकूच नाई येणार."

"माइक राहते ना भाऊजी."

"माइकनं आवाज मोठा होते, भरदार नाई होत. मी तुले दीडपट जाड पत्रे करून देतो. मंग पाय."

दुकानाच्या मालकांना ते पटलं नाही. मालक सत्तरीचे, कानस कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"पेटीले भाता आहे गा," ते म्हणाले. "हात दुखला त हात बदलता येते. बाज्याले भाता कोणाचा?"

"वाजवणाऱ्याच्या छातीचा."

"अन् ते छाती तू पायली काय? पत्रा जाड झाला का खाच खोल होते. खोल खाच हवा जास्त मागते. तो चार पावलं चालून दम खाते अन् तू त्याच्या तोंडाले सप्ताहाची पेटी बांधून राहिला."

"सवय होते मालक."

"तू हे त्याच्यासाठी करून राहिला, का आपल्या कानासाठी?"

"तुमी कधी बाजा उघडून तरी पायला काय?" मी विचारलं.

ते पान थुंकायला उठून गेले. मी समजलो, जिंकलो.

तीन आठवडे लागले. दुकानाचं काम आटोपलं की त्याला बसायचो. वीस खाचा हातानं कापायच्या. जीभ आणि खाच यांच्या मधे केस जाईल एवढीच फट. जास्त झाली तर हवा वाया, कमी झाली तर जीभ घासते आणि सूर दबतो. दोन पत्रे बिघडले, नव्यानं कापले. जुन्या पत्र्यावरच्या जिभा उपटून नव्यावर रिवेट केल्या, एकेक सूर पुन्हा मिळवला. असं काम मी आधी केलं नव्हतं, पुढंही तसं झालं नाही. आणि जुने पत्रे कातरणीच्या पितळेसोबत मोडीत टाकले. मुद्दाम टाकले. मागं फिरायची वाट दिसत राहिली की माणूस पुढं पाय टाकत नाही, असं माझं मत होतं.

मी स्वतः फुंकून पाहिला तेव्हा मधल्या खोलीतून आवाज थेट रस्त्यावर गेला. समोरचा सायकलवाला वाकून घरात बघायला लागला. साळ्यानं दोन दिवस वाजवला. तिसऱ्या दिवशी खाटेवर बसून म्हणाला,

"जड जाते भाऊजी. सूर वाकवाले गेलो का डोयासमोर अंधारी येते."

"नवी चप्पल पायाले चावतेच."

"जुने पत्रे आहेत काय? निवड होऊन जाऊ द्या, मंग हेच लावू."

"मोडीत गेले."

त्यानं बाजा खाटेवर ठेवला. बायको स्टोव्हला पंप मारत होती, तिकडूनच म्हणाली, "मंग दुसरा आणून द्या ना जी. बर्डीवर नाई भेटणार काय?"

"वाजवाचा त हाच. एवढ्या दिवसाची मेहनत काय मी पोरखेळ म्हणून केली?"

साळा म्हणाला, "राहू दे वं बाई. होईन सवय." बहिणीला तो बाईच म्हणायचा. तो माझ्या घरी जेवत होता, मला नाही कसं म्हणणार. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल.

निवड दुपारी होती, एका शाळेच्या हॉलमधे. ऑर्केस्ट्राचे मास्तर खुर्चीवर, बाजूला ढोलक आणि अकॉर्डियनवाले. साळा आणि मी मागच्या बाकावर. साळ्याचा नंबर पहिला. पहिलं गाणं जलद चालीचं, लहानसं होतं. बाजा भरून वाजला. मास्तरनं लिहिता लिहिता मान वर केली.

"आवाज मस्त आहे बाज्याचा. कोठून आणला?"

साळा बोलायच्या आधी मी मागं उभा राहिलो. "माह्या हातचे पत्रे आहेत."

"वा भाऊ," मास्तर म्हणाले. मग साळ्याला म्हणाले, "आता एक संथ होऊ द्या. आरामात."

संथ म्हणजे लांब श्वास. मुखडा त्यानं नेला. अंतऱ्याला वरचा सूर खाली वाकवायचा होता, तिथं हवा संपली. सूर फाटला आणि खोकला आला. मास्तर थांबले. त्यानं पुन्हा धरलं, पुन्हा त्याच जागी खोकला. तिसऱ्यांदा बाजा ओठापर्यंत नेला आणि तसाच धरून उभा राहिला. मास्तर वाईट नव्हते. "बस झालं, पाणी घ्या," एवढंच म्हणाले.

त्याच्यानंतर रेल्वेच्या लोको शेडमधला एक फिटर उभा राहिला. छाती दरवाज्याएवढी. वाजवायचा बरा, पण त्याचा बाजा चिरका. मास्तर साळ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "यायचा बाजा घेऊन पाहा बरं." साळ्यानं रुमालानं बाजा पुसला, झाकणं, भोकं, सगळं नीट पुसलं, आणि त्याच्या हातात दिला.

फिटरनं तेच संथ गाणं घेतलं. आवाज मागच्या भिंतीला जाऊन टेकला. अंतऱ्याला तो सूर आला आणि वाकत वाकत खालच्या सुरात उतरला, कुठं तुटला नाही, कुठं पातळ झाला नाही. चौदा वर्षं पेटीत नाही ऐकली ती मींड मी कापलेल्या खाचेतून येत होती. मी मांडीवर ताल धरला होता. माझं मलाही माहीत नव्हतं. साळ्यानं आधी माझ्या हाताकडं आणि मग माझ्या तोंडाकडं बघितलं, तेव्हा समजलं. तेव्हा हात थांबवला. तोंडाचं काय झालं ते मला सांगता येत नाही.

फिटरची निवड झाली. तो बाजा परत द्यायला आला तर साळा म्हणाला, "राहू द्या. तुमच्याच छातीचा आहे." मास्तर मला बाजूला घेऊन, फिटरकडं बोट दाखवून म्हणाले, "यायच्यासाठी अजून एक करान काय? काळी चारच्या पट्टीचा. असाच." मी म्हणालो, पाहू. नाही म्हणालो नाही.

दाराशी साळा उभा होता. म्हणाला, "पास झाला भाऊजी तुमचा पत्रा." आणि तिथूनच स्टँडवर गेला. घरी आला नाही. कपड्यांची पिशवी आमच्याकडेच राहिली.

घरी बायकोनं माझ्या मागं कोणी येते का ते पाहिलं. मी सगळं सांगितलं.

"एवढा चांगला झाला होता बाजा," ती म्हणाली, "त मंग माह्या भावाले काहून नाई वाजवता आला?"

"त्याची छातीच नाई तेवढी."

"ते त डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं."

जेवायला वाढ म्हणालो. तिनं वाढलं.

साळा गिरणीतच राहिला. आणखी नऊ वर्षं. राखीला यायचा, जेवायचा, माझ्या तब्येतीची विचारपूस करायचा, बाज्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडलो असतो. भांडण मला सोपं जाते. मालकांनीही शेवटपर्यंत 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्यांचं हे न बोलणं मला आजही टोचते, त्यांनी जाणूनबुजून केलं असं वाटते.

फिटरनं तो बाजा गावोगावी वाजवला. माझ्याकडे आणखी लोक आले. आजही कोणी विचारलं तर मी सांगतो, जाड पत्र्याचा बाजा चांगला. पातळाहून चांगला. आवाज भरदार, सूर पक्का. वाद घालायचा तर या. ऐकणारा मान डोलावून जातो. कोणासाठी चांगला, हे त्यानं विचारलं नाही तर मीही सांगत नाही.

त्या निवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहा पुढं ठेवला आणि पिशवी माझ्या पायाशी. "कुहीची पहिली गाडी सातले निघते," ती म्हणाली. "तुमी जाऊन म्हणा, चल. तुमी म्हणान त येईन तो. बर्डीवरून दुसरा बाजा घेऊ, दुसरा ऑर्केस्ट्रा पाहू."

मी पिशवी घेतली आणि स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती, टपावर कोंबड्यांच्या टोपल्या चढत होत्या. त्याच्यासमोर उभं राहून काय म्हणायचं ते मनात जुळवत होतो. चूक माझी, एवढं जुळलं. पुढचं जुळेना, आणि तेवढं तरी तोंडातून निघेल याचा भरवसा नव्हता. पिशवी कंडक्टरजवळ दिली, साळ्याची ओळख सांगितली, गिरणीवर पोचती करा म्हटलं. गाडी निघाली तेव्हा मी खालीच उभा होतो. मग पायी इतवारीत आलो. मालक यायचे होते. दुकान उघडलं, जाड पितळेचा तुकडा वाईसच्या जबड्यात धरला, आणि काळी चारच्या बाज्याची पहिली खाच आखली.