रोबोटला पकडायला गेलो

चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीला काढली. कुणावर पटकन विश्वास ठेवायची सवयच नाही, मशीनवर तर मुळीच नाही. गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला नि उजवा हात लोंबायला लागला. बोटांत मापं घ्यायचा मायक्रोमीटर धरता आला तरच परत कामावर घेऊ, असं कंपनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

महिन्याभराने आकुर्डीतल्या एका फिजिओथेरपी सेंटरला जायला लागलो. तिथे रोबोटला हात पट्ट्यांनी बांधायचा आणि तो हलवून समोरच्या पडद्यावरचा पेला उचलून फळीवर ठेवायचा. पहिल्याच दिवशी हात झोकात वर गेला. बायकोचे डोळे भरून आले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळला. काल ज्याला घास उचलवत नव्हता, तो हात आज एवढा शहाणा झाला? ओढतंय मशीन, शाबासकी मला! पेशंट खूश ठेवायचा सगळा बनाव.

आमच्याकडे नवीन मशीन आलं की माल न लावता आधी रिकामं चालवून बघतात. मीही तेच केलं. दुसऱ्या दिवसापासून हात पार ढिला सोडला. तरी पेले फळीवर! म्हटलं, सापडले लेकाचे. थेरपिस्ट मॅडम, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, रोज जोर लावायला सांगायची. मी मान डोलवायचो. पुरावा पक्का व्हावा म्हणून नऊ दिवस मढ्यासारखा हात ठेवून बसलो आणि मनातल्या मनात खूश होत राहिलो.

मग एक दिवस तिला सगळं ऐकवलं. ती चिडली नाही. तिने पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या, वरची मशीनच्या जोराची, खालची माझ्या. पहिल्या दिवशी खालची जरा उचललेली होती. पुढचे नऊ दिवस तळाला चिकटलेली. तुमच्यात जोरच उरला नाही असं वाटून मी मशीनची मदत वाढवत गेले, म्हणाली.

"ते नऊ दिवस भरून निघतील का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, काका. सुरुवातीचे दिवस फार महत्त्वाचे असतात."

मला माझाच संताप आला. तिला मदत कमी करायला सांगितली आणि ओठ आवळून जोर लावला. कपाळाला घाम फुटला. पेला जागचा हलेना. बायको कधीची पडद्याकडे बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पहिल्या दिवशी तर थोडा जोर तुमचाच होता की हो."