गोठ्यातली रिकामी बाज

ओवा भाजल्याचा वास आला की मला कोडोलीचा तो गोठा आठवतो. आमच्या म्हैसवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर तिथले एक काका जनावरांची औषधं सांगायचे. त्यांच्या सल्ल्यानं आमची अडलेली म्हैस सुखरूप व्याली, म्हणून पहिल्या चिकाचा खरवस घेऊन मी भेटायला गेलो. घरात काकांच्या फोटोला हार होता. “जाऊन दोन वर्सं झाली की, पावणं,” काकू म्हणाल्या. मग परवा मला उत्तर कुणी दिलं? काकूंनी भाजलेल्या ओव्याच्या वासानं भरलेल्या गोठ्यातल्या रिकाम्या बाजेकडं बघितलं. “त्येनी सांगत्यात, मी निस्तं लिवते.” खरवसाची एक वाटी त्यांनी बाजेवर ठेवली. यंदा काकूही गेल्या. आज रेडी चारा खाईना म्हणून सवयीनं ग्रुपवर विचारलं. काकांच्याच नावानं उत्तर आलं, “ओवा भाजून द्या.” कोण लिहितंय हे न विचारता मी तवा ठेवला.