दवाखान्याचा सर्व्हर आणि माझे बैल

हे मी आजवर घरात काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, लेकापाशी नाही. जिला सांगायला पाहिजे होतं, ती समोर उभी राहून विचारत होती, तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पण आळेफाट्याजवळ आमच्या ट्रस्टचा दवाखाना उभा आहे ती जागा मी दिलेली, म्हणून मी विश्वस्त. मोठे डॉक्टरसुद्धा तात्या म्हणून उठून खुर्ची द्यायचे. त्याची मला लई चव लागली होती — खोटं कशाला बोलू?

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली असतील, तेव्हा दवाखान्यात सर्व्हर आणला. पुण्याच्या माणसानं सांगितलं, डबा एकच, पण त्याच्या पोटात तीन मशिनी. खऱ्या नाहीत, नुसत्या मानलेल्या. एकीत पेशंटचे कागद, दुसरीत औषधांचं दुकान, तिसरी रिकामी. सगळ्या डब्याचा पासवर्ड त्यानं चिठ्ठीवर लिहून दिला, ती चिठ्ठी मी खिशात घातली. मला त्यातलं काय कळणार होतं? पण ती माझ्याकडं आहे हे सगळ्यांना माहीत होतं — तेवढ्यावर माझी छाती भरायची.

कागदांची मशीन सांभाळायला सुनंदा होती. लोणीची, मेंढपाळांच्या घरातली. बाप तेव्हाही मेंढरं घेऊन फिरायचा. त्या घरात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. कामाला वाघीण, पण आवाज कधी चढला नाही.

आता माझं सांगतो. मला बैलगाड्याच्या शर्यतीचा नाद. यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, माझ्या बैलांची बारी सुटली की लोक उभे राहायचे. पुतण्या दत्ता त्याचं शूटिंग करायचा, आणि मी त्याच्या सीड्या करून पावण्यांना वाटायचो. पण दत्ताच्या घरच्या कॉम्प्युटरला एक सीडी करायला दिवस जायचा. दवाखान्यातले कॅमेरे तोच बघायचा, तर मीच त्याला म्हणालो, ती तिसरी मशीन रिकामीच हाय की, घे वापरून. चिठ्ठी मी दिली. माझ्या हातानं.

मग कागद अडायला लागले. सकाळी दहाला ओपीडी भरायची आणि एकेक कागद उघडायला पाच-पाच मिनिटं. पेशंट वैतागायचे, नर्सबाई सुनंदावर ओरडायच्या. तिनं काय नाही केलं? मेमरी वाढवून घेतली. पुस्तकाला अनुक्रमणिका असते तशी आत काहीतरी असते, ती नव्यानं लावली. फरक पडेना. मग ती वहीत वेळा लिहायला लागली — दहाला अडलं, एकला सुटलं, आज अडलंच नाही. अडलं नाही ते दिवस दत्ता आलेला नसायचा. पण हे तिला कसं कळावं?

एक दिवस वही घेऊन ती माझ्या ओसरीवर आली. म्हणाली, "तात्या, इहीर एक आन् मोटारी तीन, असं हाय हे. कुणीतरी गपचूप दहा एचपीची मोटार लावलीया, म्हून माझं पाणी बारीक व्हतंय. मोठ्या डब्याचा पासवर्ड द्या, अर्ध्या तासात दावते."

तुम्हीच सांगा, विहिरीचं मला कळत नाही होय? चार भावांच्या विहिरीवर पाळ्या मोजण्यात माझी हयात गेली. ती बोलत होती तेव्हाच मला उमगलं की ती मोटार माझी आहे. अडाणी होतो म्हणून चुकलो, असं म्हणायची सोय तिनं ठेवलीच नाही.

मी म्हणालो, "ट्रस्टची किल्ली हाय ती. पोरीबाळींच्या हातात देत नसतो."

तिनं वही मिटली. ओसरी उतरून गेली.

दत्ताला मी त्याच दिवशी थांबवायला पाहिजे होतं. पण यात्रा जवळ आली होती. पावण्यांना मागच्या बाऱ्यांच्या सीड्या कबूल केल्या होत्या — चार दिवसांनी काय बिघडतंय, असं वाटलं. त्या चार दिवसांतच डिंगोरे गावची एक म्हातारी आली, अंगात ताप. तिला अमुक इंजेक्शन चालत नाही हे तिच्या कागदात लिहिलेलं होतं. कागद उघडेना. म्हातारी कण्हत होती, मागं रांग, नर्सबाईंनी वाट बघून बघून इंजेक्शन दिलं. म्हातारीचं तोंड सुजलं, श्वास कोंडला. वाचली. पण तिच्या लेकांनी दवाखाना डोक्यावर घेतला.

मीटिंग बसली. सुनंदानं वही पुढं केली, ती कुणी उघडली नाही. मोठे डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, तात्या, तुम्ही सांगाल तसं. मी म्हणालो, पोरीला झेपत नाय, दुसरं माणूस बघा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मी दत्ताला सांगून तिसऱ्या मशिनीतलं सगळं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कागद झटक्यात उघडायला लागले. मग काय, लोकांना पुरावाच मिळाला. ती गेली आन् मशीन सुधरली, असं जो तो म्हणायचा. नर्सबाई मला म्हणाल्या, तात्या, तुमी बरोबर वळखलं. मी नुसती मान हलवली. ही गोष्ट लोणीपर्यंत गेली असणारच. तिथं तिच्या बापानं ती कशी ऐकली असेल?

पाच-सहा वर्षांनी आळेफाट्याच्या स्टँडवर सुनंदा भेटली. मी तोंड फिरवलं होतं, तिनंच हाक मारली. शिवणकाम करते म्हणाली. कॉम्प्युटरकडं परत गेले नाही, म्हणाली. मग थोडी घुटमळली.

"तात्या, एक इचारू? शेवटी काय निघालं हो त्या मशिनीत? मी लई डोकं लावलं. माझं कुटं चुकलं, ते आजून सापडत न्हाई."

तिचं कुठंच चुकलं नव्हतं. वहीतली ओळन् ओळ बरोबर होती. एका वाक्याचं काम होतं, स्टँडवर ओळखीचं कुणी नव्हतं, आणि तिची गाडी लागायला वेळ होता.

मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं."

ती हसली. म्हणाली, "ते बी खरंच." मग गाडी लागली तशी पिशवी खाली ठेवून ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.